दोरावर गप्प बसायचं नाही

१९८६च्या जुलैतल्या एका शनिवारी सकाळी आम्ही सिअ‍ॅटलजवळच्या बॉथेलहून निघालो, तेव्हा व्हॅनमध्ये माणसं चार होती आणि पदं पाच. मोहीमप्रमुख आणि प्रसिद्धिप्रमुख ही दोन्ही पदं आपटेकाकांनी स्वतःकडे ठेवली होती. नागपूरचा भोयर उपप्रमुख होता. काकांची कॉलेजात जाणारी मुलगी रेणू युवा प्रतिनिधी होती. हे तिला अजून कोणी सांगितलं नव्हतं. मी, साळवे, सामानप्रमुख होतो, म्हणजे सामान उचलणारा.

मोहिमेचं नाव 'प्रथम मराठी हिममोहीम'. ते लाल अक्षरांत रंगवलेला कापडी फलक माझ्या पाठपिशवीत होता. शेजारच्या राज्यातल्या एका मराठी मंडळानं आपल्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर बर्फात लेझीम खेळणाऱ्या बायकांचा फोटो छापला होता आणि तेव्हापासून आपटेकाकांना नीट झोप नव्हती. काका विमानाच्या कारखान्यात पंखांचं गणित करत, त्यामुळे उंचीची त्यांना सवय होती. त्यांनी सिअ‍ॅटलच्या दक्षिणेचा माउंट रेनिअर हा मोठा हिमपर्वत निवडला. आमच्या मंडळाच्या समितीच्या पहिल्या बैठकीत आमचं लक्ष्य शिखर होतं. दुसऱ्या बैठकीत ते वरच्या मुक्कामाच्या झोपडीपर्यंत खाली आलं. तिसऱ्या बैठकीत हिमनदीवर ठरलं. चौथी बैठक झाली असती तर आम्ही पार्किंगमध्येच फोटो काढून परतलो असतो.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. वडील पंचायत समितीत शिपाई. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. शिष्यवृत्ती, वसतिगृह, रात्री स्वतःच्या घरी बोलावून गणित शिकवणारे मास्तर, आणि शेवटी या देशातलं विद्यापीठ, या सगळ्यांचा मी ऋणी आहे. पुढे कुठे मी मंडळाची किंवा अमेरिकेची थट्टा करतो आहे असं वाटलं, तर तो लेखणीचा दोष समजावा. वडिलांनी निरोप देताना मला एकच गोष्ट सांगितली होती, "साहेब बोलत असला की आपण मधे तोंड घालायचं नाही." या एका नियमावर त्यांची सगळी नोकरी पार पडली होती. मलाही तो शिष्यवृत्तीइतकाच उपयोगी पडला होता. कंपनीच्या मीटिंगमध्ये मी इतका शांत असे की साहेब मला विचारी समजत.

शहर मागे पडलं आणि एका वळणावर डोंगर दिसला. इथली माणसं अशा दिवशी एकमेकांना 'डोंगर बाहेर आलाय' असं सांगतात. एरवी तो आठवडेच्या आठवडे ढगात असतो. मी डोंगर पाहिले होते, पण ते जमिनीतून वर आलेले. हा जमिनीशी काही नातं नसल्यासारखा आभाळात ठेवलेला होता. सगळा पांढरा, खाली निळसर सावली, आणि एवढा मोठा की रस्ता कुठेही वळला तरी तो काचेत येतच होता.

"काय वाटतं?" काकांनी विचारलं.

"बाप्पा," भोयर म्हणाला, "यावर कूलर लावायची गरज नाही."

"रेणू, तू सांग."

"बाबा, इट्स अ व्होल्केनो," रेणू म्हणाली आणि कानाला हेडफोन लावला.

वाटेतल्या एका गावात आम्ही खायला थांबलो. तिथे हकलबेरी पाय (करवंदासारख्या आंबटगोड डोंगरी फळांचं सारण भरलेली जाड पुरी) मिळाला. तो इतका चांगला होता की मला आईची आठवण झाली आणि मी दुसरा मागवला. वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, "डोंगर चढायला चाललात का?" काकांनी त्यांना फलक उघडून दाखवला. बाई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जपून जा हं."

वाटाड्यांची कचेरी म्हणजे लाकडी घर होतं. आत एक सबंध भिंत जुन्या हिमालयीन मोहिमांच्या फोटोंनी भरलेली. प्रत्येक फोटोत दाढीवाले अमेरिकन पुरुष रांगेत उभे, मध्ये नेता, नेत्याच्या हातात निशाण. ओझी वाहणारे शेकडो हमाल फोटोत नव्हते. एका फोटोच्या कडेला मात्र कोणाचा तरी अनवाणी पाय आला होता. खालच्या ओळी वाचून मला वाटलं मी लढायांचा इतिहास वाचतो आहे. पहिला तळ, दुसरा तळ, वेढा, अंतिम हल्ला, माघार. यांतली निम्म्याहून जास्त शिखरं सर झालेली नव्हती, पण प्रत्येक मोहिमेवर पुस्तक मात्र निघालेलं होतं.

"अगदी आपल्यासारखं," काका समाधानानं म्हणाले.

कचेरीचा प्रमुख ग्रेग, पस्तिशीचा, उन्हानं भाजलेल्या चेहऱ्याचा. त्यानं आमच्यासाठी नेमलेल्या वाटाड्याची ओळख करून दिली. वॉल्ट. साठी ओलांडलेला, उंच, किंचित वाकलेला, हात मात्र सुताराचे. भिंतीवरच्या एका फोटोत तो होता, रांगेच्या टोकाला, बाकीच्यांपासून हातभर दूर.

मी म्हणालो, "नमस्कार, सर."

"सर म्हणू नकोस. मी सार्जंट होतो. सर लोक खाली तंबूत असायचे." मग त्यानं आम्हा चौघांकडे नीट पाहिलं. "माझा एकच नियम आहे. माझ्या दोराला बांधलेल्या माणसानं गप्प बसायचं नाही. गाणं म्हणा, भांडण करा, हवेला शिव्या द्या. प्रत्येकाचा आवाज मला सतत ऐकू आला पाहिजे. जमेल?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच आम्हाला कोणीतरी ही विनंती करत होतं.

"प्रयत्न करू," आपटेकाका म्हणाले.

मी व्हॅनमधून सामान उतरवत असताना ग्रेग माझ्याजवळ आला. "तुला सांगून ठेवतो," तो म्हणाला. "लोक इथे शांततेसाठी येतात. गेल्या महिन्यात एक नवं जोडपं आलं होतं. यानं त्यांना हिमनदीवर सगळ्या राज्यांच्या राजधान्या म्हणायला लावल्या. तक्रार आली. पहिलीच नव्हती. उद्या काही गडबड झाली, तर मी त्याला दोर देणार नाही. बूट भाड्यानं द्यायच्या काउंटरवर बसवणार आहे."

"त्यांना माहीत आहे का हे?"

"माहीत आहे. म्हणून तर तो कालपासून दाढी करायला लागलाय."

संध्याकाळी डोंगराच्या पायथ्याशी, उंच झाडांमध्ये आम्ही तंबू लावले. आपटेकाकूंनी दिलेले डबे मी उघडले. थालीपीठं, शेंगदाण्याची चटणी, गूळपोळ्या, आणि 'थंडीत बरं असतं' म्हणून डिंकाचे लाडू. वॉल्टला आम्ही जेवायला बसवलं. त्यानं गूळपोळी दोन्ही बाजूंनी तपासली, खाल्ली, आणि न विचारता दुसरी घेतली.

"आमच्या मोहिमेत डब्यातलं डुकराचं मांस होतं," तो म्हणाला. "इतकं, की ते वाहायला हमाल, त्या हमालांचं पीठ वाहायला आणखी हमाल. आमचा नेता मेजर होता. दुसरं महायुद्ध संपून बरीच वर्षं झाली होती, पण त्याला कोणी कळवलं नसावं. सकाळी शिट्टी, मग हुकूम. आमच्यात सगळेच युद्धातून आलेले. एक जण बूट घालून झोपायचा. एकाला तंबूचं दार बंद केलेलं चालत नसे. मेजरला झोपच नव्हती, म्हणून तो आमच्या पहाऱ्याच्या पाळ्या लावायचा. हिमालयात, बर्फात, पहारा. कोण येणार होतं?"

"आणि तुम्हाला?" रेणूनं विचारलं. तिनं हेडफोन काढला होता.

"मला मेजरनं वरच्या तळावरून खाली पाठवलं. डॉक्टर म्हणाला, याच्या नसा गेल्यात. मी फार बोलतो असं म्हणणं होतं त्यांचं."

"फार म्हणजे किती?" आपटेकाकांनी आस्थेनं विचारलं.

"झोपलेल्यांना उठवून त्यांची नावं विचारायचो."

भोयर हसला, मग हसायचं नव्हतं हे लक्षात येऊन त्यानं वॉल्टच्या ताटलीत लाडू ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलांनी भरलेल्या कुरणातून आम्ही वर निघालो. निळी, लाल, पिवळी फुलं, आणि त्यांना चिकटून बर्फ. पाणी सगळीकडून वाहत होतं. ग्रेग दुसऱ्या गटाला घेऊन पुढे गेला होता. तो आम्हाला परतीला भेटणार होता. हिमनदीच्या काठावर वॉल्टनं आमच्या बुटांना क्रॅम्पॉन (तळाला बांधायचे लोखंडी काटे) बांधले, हातात बर्फात रोवायच्या कुऱ्हाडी दिल्या आणि सगळ्यांना एका दोरात ओवलं. पुढे तो, मग आपटेकाका, रेणू, भोयर आणि शेवटी मी. दोन माणसांमधला दोर ताणलेला ठेवायचा, ढिला पडू द्यायचा नाही, हे त्यानं तीनदा सांगितलं.

हिमनदी म्हणजे बर्फाची नदी हे मी शाळेत लिहून गुण मिळवले होते. पायाखाली घेतल्यावर कळलं की ती खरंच नदी आहे, फक्त तिला घाई नाही. तिच्या अंगावर क्रेव्हास (खोल भेगा) असतात. काही उघड्या, आत निळ्या काचेसारखा उजेड असलेल्या. काही वरून ताज्या बर्फानं झाकलेल्या, आणि त्याच वाईट.

गप्प न बसण्याच्या नियमाचा आम्हाला काही त्रास झाला नाही. पहिला अर्धा तास काका आणि भोयर यांच्यात पुण्याची मिसळ आणि नागपूरचा तर्री पोहा यावर वाद झाला. वॉल्टला एक शब्द कळत नव्हता, पण तो मधूनमधून मागे वळून "छान, छान" म्हणे. मग वरून धुकं उतरलं आणि बघता बघता इतकं दाट झालं की मला पुढचा भोयर दिसेना, नुसता बर्फात शिरत जाणारा दोर दिसत होता. वॉल्टनं आम्हाला त्याच क्रमानं वळवून परत फिरायचं ठरवलं.

"फलक?" काका म्हणाले.

"धुक्यात फोटो कशाचा येणार, बाबा?" रेणू चक्क मराठीत म्हणाली.

परतताना काकांनी भेंड्या सुरू केल्या. रेणू स्वतंत्रपणे इंग्रजी गाणी म्हणत होती, त्यामुळे खेळात आम्ही तिघं. मी म्हणण्यापुरतं म्हणत होतो. गाण्याचं अंग नाही, आणि काकांसमोर मोठ्यानं गाणं मला बरं वाटत नव्हतं. भोयरनं एक लावणी म्हटली. तिच्या शेवटच्या अक्षरावर काकांनी नाट्यपद घेतलं. नाट्यपद घेताना काका चालायचे थांबत. मग रेणू थांबे, भोयर थांबे, धुक्यात ते न दिसून मी पुढे सरके, आणि माझ्यासमोर दोराचं वेटोळं जमे. ते हातात गोळा करून मी उभा राहत असे. दोर ढिला पडला आहे हे मला दिसत होतं. पण पदाच्या मध्ये सांगायचं कसं?

पुढच्याच पावलाला पायाखालचं बर्फ निघून गेलं.

मी पडलो असं म्हणता येणार नाही, कारण पडायला वेळ लागतो. मी एकदम छातीपर्यंत खाली होतो. दोन्ही कोपरं बाहेर, पाय मोकळ्या हवेत, आणि पाठपिशवी मागच्या काठाला घट्ट अडकलेली. मंडळाचे डबे, फलक आणि फलकाच्या काठ्या नसत्या, तर हा लेख तुम्ही वाचत नसता. दोर ढिला होता, म्हणून भोयरला हिसका बसला नाही. धुक्यात कोणाला काही दिसलं नाही.

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते मी खरं लिहितो. काकांचं पद चालू होतं. मला वाटलं, अंतरा होऊ द्यावा, मग सांगावं.

अंतरा झाला. काकांनी ताना घ्यायला सुरुवात केली. एक झाली की मला वाटे ही शेवटची, आणि पुढची येई. दरम्यान पाठपिशवीचा छातीवरचा पट्टा आवळत होता. पायाखालून गार वारा येत होता. कोपराखालचं बर्फ बारीक आवाज करत होतं. ताना संपून काका समेवर आले, आणि मी तोंड उघडलं तेव्हा आत हवाच उरली नव्हती. "काका, जरा," एवढंच आलं, तेही माझ्या मफलरपर्यंत.

"साळवे, ठ आला तुझ्यावर," धुक्यातून काकांचा आवाज आला.

मी ऐकत होतो.

"अडला," काका म्हणाले. "ठवर भलेभले अडतात."

"मोजा काका, दहापर्यंत मोजा. नाहीतर भेंडी चढवा त्याच्यावर," भोयर म्हणाला, आणि दोघंही आनंदानं मोजायला लागले. एक. दोन. तीन.

चार झाले नाहीत. वॉल्ट ओरडला. तोपर्यंत इतका हळू बोलणारा तो माणूस असा ओरडला की हिमनदीच्या दोन्ही काठांवरून तो आवाज परत आला. "थांबा. कोणीही हलू नका. चौथा आवाज कुठे आहे?"

त्याला मराठी येत नव्हतं, ठ माहीत नव्हता, भेंडी माहीत नव्हती. तो शब्द ऐकतच नव्हता. माणसं ऐकत होता.

पुढचं मी तुकड्यांनी सांगू शकतो. भोयरनं आणि रेणूनं बर्फात आडवं पडून, कुऱ्हाडी रोवून दोर ताणला. माझ्या कमरेला तो लागला तेव्हा पहिल्यांदा मला भीती वाटली. वॉल्ट पोटावर सरपटत आला. त्याचा चेहरा माझ्या चेहऱ्याजवळ होता, दाढी केलेला, ओला. त्यानं चाकूनं माझ्या छातीवरचा पट्टा कापला आणि मला श्वास आला.

"सॉरी सर," मी म्हणालो.

"सॉरी नको. ओरड. मी मागे जाऊन ओढणार, मला तू दिसणार नाहीस. तुझा आवाज थांबला तर मी ओढणं थांबवीन. ओरड."

"काय ओरडू?"

"काहीही. लहानपणी काय ओरडायचास?"

लहानपणी मी कुठे ओरडलो होतो? घरात नाही, देवडीत नाही, पंचायत समितीच्या आवारात तर मुळीच नाही. एकाच ठिकाणी ओरडायची परवानगी होती, किंबहुना सक्ती होती. शाळा सुटायच्या आधी सगळ्या वर्गानं उभं राहून पाढे म्हणायचे, आणि ते वेशीपर्यंत ऐकू गेले नाहीत तर मास्तर परत म्हणायला लावत.

"एकोणतीस एके एकोणतीस," मी ओरडलो.

"मोठ्यानं."

"एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी."

दोर वर सरकला. "एकोणतीस चोक," मी म्हणालो, आणि धुक्यातून आपटेकाकांचा भरदार आवाज आला, "सोळोदरसे." (सोळोदरसे म्हणजे एकशे सोळा, आमच्या शाळेत असंच म्हणत, पुण्यातही म्हणत असत हे मला त्या दिवशी कळलं.) भोयरनंही सूर धरला. प्रत्येक ओळीला एक ओढ. रेणूला पाढा येत नव्हता, ती नुसती "पुल, पुल" म्हणत होती, पण तालात. पाढा संपता संपता माझा गुडघा काठावर टेकला. तिसाचा सोपा असतो, म्हणून काकांनी तोही म्हणून घेतला.

वर आल्यावर मी बर्फावर पालथा पडलो. वॉल्ट बसला होता. तो एकेकाचं नाव विचारत होता.

"आपटे?"

"आहे," काका म्हणाले.

"रेणू?"

"हिअर."

"भोयर?"

"आहे, आहे."

"साळवे?"

"हजर," मी म्हणालो.

"बिली?"

आमच्यात बिली नव्हता. वॉल्टनं परत विचारलं. भोयरनं माझ्याकडे पाहिलं. काकांनी तोंड उघडलं होतं, ते त्यांनी मिटलं. मोहिमेतलं ते पहिलं मौन.

मग वॉल्टनं हातमोज्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "चला. बोलत चला."

हिमनदी संपली, कुरण आलं, दोर सुटला. एका खडकावर आम्ही बसलो तेव्हा त्यानंच सांगितलं. इटलीच्या डोंगरात, हिवाळ्यात, अंधारात त्यांची तुकडी कडा चढली होती. वर शत्रू. हुकूम असा की काहीही झालं तरी आवाज काढायचा नाही. वॉल्टच्या मागे बिली होता, त्याच्याच गावचा. "वर पोचलो आणि मागे हात दिला," वॉल्ट म्हणाला. "हातात कोणी आलं नाही. केव्हा पडला मला माहीत नाही. ओरडला नाही तो. हुकूम पाळला." त्यानं हातमोजे काढले. "डोंगर आम्ही घेतला. आम्ही किती शांतपणे चढलो याचं वरिष्ठांनी फार कौतुक केलं. पदकं दिली."

आपटेकाका स्वतःच्या बुटांकडे बघत होते. "मला ताना आवरत्या घ्यायला हव्या होत्या," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी मराठीत म्हटलं, पण वॉल्टकडे बघून.

कचेरीजवळ आलो तसे काका पुन्हा मोहीमप्रमुख झाले. ग्रेगची ताकीद मी आदल्या रात्रीच त्यांना सांगितली होती. "साळवे, ग्रेगनं विचारलं तर पाय घसरला म्हण. म्हाताऱ्याची नोकरी जायची. आणि आपल्या स्मरणिकेतही ते बरं दिसणार नाही."

पण ग्रेगनं मला विचारलंच नाही. त्यानं वॉल्टला विचारलं, आणि वॉल्ट सरळ म्हणाला, "मी एका माणसाला भेगेत पाडलं. दोर ढिला राहिला. धुकं होतं. दोर माझा, चूक माझी."

ग्रेगनं मान हलवली. त्याला आनंद झाला नव्हता, हे सांगितलं पाहिजे. "वॉल्ट," तो म्हणाला, "आपलं जे ठरलं होतं..."

"साहेब, थांबा," मी म्हणालो.

साहेब बोलत असताना मी मधे बोललो होतो. ग्रेग थांबला. मग थांबायचं कारण उरलं नाही. मी म्हणालो, "दोर ढिला आहे हे मला दिसत होतं, मी सांगितलं नाही. पडलो तरी ओरडलो नाही. पुढचे तिघं माझ्याच भाषेतले, माझे मित्र, त्यांना कळलं नाही. मी गप्प झालो हे फक्त यांना कळलं. तुम्ही ज्या सवयीसाठी यांना काउंटरवर बसवणार आहात, तिच्यामुळे मी इथे उभा आहे."

"पण तू ओरडला का नाहीस?" ग्रेगनं विचारलं.

"मिस्टर आपट्यांचं गाणं संपायची वाट बघत होतो."

ग्रेगनं आपटेकाकांकडे पाहिलं. काकांनी मान खाली घालून ते खरं असल्याचं कबूल केलं. मग मान वर करून ते अध्यक्षीय आवाजात म्हणाले, "पुढच्या वर्षी आमचं मंडळ पुन्हा येणार, आणि वॉल्टच्याच दोरावर. मी गुजराती समाजाशी बोलतो. तेलुगू लोकांशी बोलतो. बंगाली तर बर्फावर दोन पक्ष करतील. आमच्या देशात गप्प बसणारा समाज अजून सापडलेला नाही."

"आय कॅन कन्फर्म," रेणू म्हणाली.

ग्रेग आधी हसला नाही. मग हसला. "ठीक आहे," तो म्हणाला. "बोलणारे वॉल्टकडे. गप्प बसणारे माझ्याकडे. पण वॉल्ट, दोर ताणलेला."

 वॉल्टनं आपला दोर, जो भिंतीवर कायमचा टांगला जाणार होता, उचलला आणि खांद्यावर घेतला.

त्याचं घर आमच्या वाटेवरच्या गावात होतं आणि त्याची गाडी दुरुस्तीला दिलेली होती, म्हणून घराची खूण विचारून त्याला आम्ही व्हॅनमध्ये घेतलं. मी गाडी चालवत होतो, तो शेजारी. मागे काका फलक उशाला घेऊन झोपले. भोयर त्यांच्या खांद्यावर. रेणू खिडकीला टेकून. डोंगर मागच्या काचेत गुलाबी झाला होता, पण बघायला कोणी जागं नव्हतं.

गाडीत शांतता झाली. मला ती बरी वाटली. पण दोन वळणं झाल्यावर वॉल्ट मागे वळून बघतो आहे हे लक्षात आलं. पुन्हा वळला. त्याचे ओठ हलत होते. कोणाला उठवावं की नाही, हे तो ठरवत असावा.

या देशात मी शिकायला आलो आणि पुष्कळ शिकलो. पण माणसाच्या चांगल्या वागण्याखाली, हुकूम पाळण्याखाली, मधे न बोलण्याखाली काय काय झाकलं जातं, हे मला कोणत्याही वर्गात कळलं नव्हतं. वडिलांचा नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. त्यावर त्यांनी आम्हाला वाढवलं. फक्त तो ज्यांच्या सोयीचा होता, ते त्यांच्या दोराला बांधलेले नव्हते.

मी बोलायला सुरुवात केली. आधी इंग्रजीत, आमच्या गावाबद्दल. मग वडिलांबद्दल, साहेबांच्या घंटेबद्दल, आईच्या भाकरीबद्दल, वसतिगृहातल्या ढेकणांबद्दल. इंग्रजी संपलं तशी मराठी आली.  वॉल्ट मागे बघायचा थांबला. त्याचं डोकं हळूहळू सीटवर टेकलं आणि सुताराचे ते दोन हात मांडीवर उघडे पडले. त्याच्या घरासमोर मी गाडी उभी केली, इंजिन बंद केलं. आवाज थांबला तर तो जागा होईल, म्हणून मी बोलत राहिलो.